१६ केबी पेज: तुमचा फोन खरंच फास्ट होणार का, आणि त्याची किंमत कोण मोजणार?

१ नोव्हेंबर २०२५ पासून गूगल प्लेवर एक नवीन नियम लागू झालाय. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेलं कुठलंही नवीन ॲप किंवा जुन्या ॲपचं अपडेट ६४-बिट फोनवर १६ किलोबाइटच्या मेमरी पेजसह चालायला हवं. चालत नसेल तर प्ले स्टोअर ते स्वीकारत नाही.

या नियमाबद्दल दोन प्रकारची वाक्यं सध्या कानावर येतात. एक, "जुने फोन आता बंद पडणार." दुसरं, "ॲप्स ३० टक्के फास्ट उघडणार." पहिलं चूक आहे, दुसरं अर्धवट आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि या बदलामुळे गेले काही महिने आमच्या कामात बरीच धावपळ झाली. त्यामुळे हा विषय मुळापासून समजावून सांगावासा वाटतो. सगळं येऊन थांबतं एका गोष्टीवर: पेज फॉल्ट. तुमच्या फोनवर ही गोष्ट आत्ता, हे वाचतानाही घडतेय.

पेज फॉल्ट म्हणजे बिघाड नाही

नावात 'फॉल्ट' आहे म्हणून घाबरू नका. किराणा दुकानाचं उदाहरण घ्या. दुकानात पुढे फळी असते आणि मागे गोदाम. फळीवर जागा कमी, पण हात लगेच पोचतो. गोदामात माल भरपूर, पण आणायला वेळ लागतो. तुमच्या फोनची रॅम म्हणजे फळी आणि स्टोरेज म्हणजे गोदाम.

ॲपवर तुम्ही टॅप करता तेव्हा त्याचा १००-२०० एमबीचा सगळा कोड लगेच रॅममध्ये येत नाही. कर्नल, म्हणजे फोनच्या सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग, फक्त वहीत नोंद करतो: 'या पत्त्यावर या फाइलचा हा भाग आहे.' माल गोदामातच राहतो. मग ॲप चालू होतं, त्या पत्त्याला हात लावतं आणि प्रोसेसरच्या लक्षात येतं की इथे तर काहीच नाही. तो ती सूचना तिथेच थांबवतो आणि कर्नलला हाक मारतो. ही हाक म्हणजे पेज फॉल्ट.

कर्नल वही बघतो. त्या पत्त्यावर ॲपचा हक्कच नसेल तर ॲप क्रॅश. हक्क असेल तर हवा तो तुकडा आणून ठेवतो आणि प्रोसेसरला सांगतो, 'आता पुन्हा कर.' तीच सूचना पुन्हा चालते. ॲपला मध्ये काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

हा 'तुकडा' म्हणजे पेज. फोनमध्ये आजवर तो ४ किलोबाइटचा, म्हणजे ४०९६ बाइटचा होता. हा आकार जुना आहे. १९८५ साली आलेल्या इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरमध्येही पेज ४ केबीचंच होतं. तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये काही एमबी रॅम असणं ही चैन होती. आज खिशातल्या फोनमध्ये ८ जीबी असते, पण तुकडा तेवढाच राहिला.

फाइल सिस्टिम मध्ये कुठून आली?

पेज फॉल्टचे ढोबळ दोन प्रकार. ॲपला नुसती रिकामी मेमरी हवी असेल तर कर्नल शून्यांनी भरलेलं पेज देतो आणि विषय संपतो. पण ॲपला फाइलमधला तुकडा हवा असेल (ॲपचा कोड, फॉन्ट, डेटाबेस) तर काम फाइल सिस्टिमकडे जातं. फाइलचा कुठला भाग स्टोरेजवर नेमका कुठे आहे, हे फक्त तिलाच माहीत असतं.

ती आधी पेज कॅश बघते. फाइल्सचे अलीकडे वाचलेले तुकडे रॅममध्ये तिथे ठेवलेले असतात. तुकडा सापडला तर फक्त जोडणी करायची, काही मायक्रोसेकंदांचं काम. याला मायनर फॉल्ट म्हणतात. नाही सापडला तर स्टोरेजवरून वाचावं लागतं, तोवर ॲपचा तो थ्रेड झोपून राहतो. हा मेजर फॉल्ट. ॲप उघडताना पांढरा स्क्रीन दिसत राहतो, त्यामागे बऱ्याचदा असे मेजर फॉल्ट असतात.

कर्नल यात थोडी हुशारीही करतो. एक पेज मागितलं की शेजारची पेजेस पुढे लागतील असा अंदाज बांधून तीही वाचून ठेवतो. शेजारचं आधीच कॅशमध्ये असेल तर एकाच फेरीत साधारण ६४ केबीपर्यंतची जोडणी करून टाकतो. गोदामात गेलोच आहोत तर दोन पुड्या जास्त आणू, असा हिशोब.

लिहितानाही असंच. ॲपने मेमरीशी जोडलेल्या फाइलमध्ये पहिल्यांदा काही लिहिलं की पुन्हा फॉल्ट येतो आणि फाइल सिस्टिमला विचारलं जातं, 'जागा आहे का?' स्टोरेज गच्च भरलेलं असेल तर इथे नकार मिळतो आणि ॲप थेट मरू शकतं. स्टोरेज भरलेल्या फोनवर ॲप्स विचित्रपणे बंद पडतात, त्याचं हे एक कारण.

गोदामाची किल्ली गोदामातच

आता या विषयातला सगळ्यात अवघड भाग. फॉल्ट ॲपच्या कोडमध्ये आला तर ठीक. पण तो फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या कोडमध्ये आला तर?

समजा ॲप कर्नलला म्हणतं, 'माझ्या मेमरीत अमुक जागी डेटा आहे, तो या फाइलमध्ये लिही.' फाइल सिस्टिम कॅशमधलं फाइलचं पेज शोधते आणि त्याला कुलूप लावते, म्हणजे लिहिताना दुसऱ्या कुणी मध्ये हात घालू नये. मग ॲपच्या मेमरीतून डेटा कॉपी करायला जाते. आणि नेमकी ती जागाच रॅममध्ये नसते. फॉल्ट येतो. तो मिटवायचा तर पुन्हा फाइल सिस्टिमलाच बोलवायला लागतं. आता विचार करा, ॲपने दिलेली ती जागा त्याच फाइलच्या त्याच पेजशी जोडलेली असेल तर? पेज हवंय, त्याला कुलूप आहे, आणि कुलूप लावणारे आपणच. गोदामाची किल्ली गोदामात ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. तो थ्रेड कायमचा अडकतो. याला डेडलॉक म्हणतात. असा थ्रेड कर्नलच्या आत अडकलेला असतो, म्हणून तो बाहेरून मारताही येत नाही. फोन रीस्टार्ट करणं हाच उपाय उरतो.

कुठलं शहाणं ॲप असं करेल? शहाणं करणार नाही. पण मुद्दाम करणारं करू शकतं, आणि साध्या ॲपला फोन अडकवता येणं हीसुद्धा सुरक्षेची भगदाडच आहे.

लिनक्सने काढलेला तोडगा साधा आहे. कुलूप लावण्याआधी ॲपच्या मेमरीला एकदा स्पर्श करून घ्यायचा, म्हणजे यायचा तो फॉल्ट तेव्हाच येऊन जाईल. मग कुलूप लावायचं आणि 'आता फॉल्ट हाताळायचा नाही' असं ठरवून कॉपी करायची. तरीही मधल्या क्षणात ते पेज रॅममधून गेलंच, तर कॉपी अर्धवट सोडायची, कुलूप काढायचं, पेज आणायचं, पुन्हा सुरुवात करायची.

ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येक फाइल सिस्टिममध्ये ते बरोबर बसवायला वर्षं गेली. जीएफएस-टू ही अनेक सर्व्हरनी मिळून वापरायची फाइल सिस्टिम. तिथली कुलुपं सगळ्या मशीनमध्ये मिळून चालतात. तिच्यातल्या अशा डेडलॉकची आंद्रेआस ग्रुएनबाखर यांनी केलेली दुरुस्ती लिनक्स ५.१६ मध्ये आली, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये. आणि २०२५ मध्ये डेव्ह हॅन्सन यांनी उलट बाजूने प्रश्न मांडला: लिहायचा डेटा बहुतेक वेळा रॅममध्येच असतो, मग दर वेळी आधी स्पर्श करून बघायचं कशाला? काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांनी सुचवलं की आधी सरळ कॉपी करून बघा, नाही जमलं तरच कुलूप काढून पेज आणा. दर लिखाणातलं एक छोटं काम वाचतं. पण लिखाणं अगणित असतात, म्हणून थोड्याथोडक्या बचतीचंही मोल असतं.

चूक झाली तर काय होतं?

हे सगळं फक्त कर्नलवाल्यांचं डोकेदुखीचं काम वाटत असेल तर 'डर्टी काऊ' आठवा. ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झालेली ही त्रुटी, क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५. नावातलं काऊ म्हणजे 'कॉपी ऑन राइट'. दोघांना एकच पेज वाचायला द्यायचं आणि कुणी लिहायला गेलं की फॉल्ट घेऊन त्याला स्वतंत्र प्रत करून द्यायची, अशी ही पद्धत. डर्टी काऊमध्ये दोन थ्रेड अगदी नेमक्या क्षणी एकमेकांत घुसवले, की लिखाण प्रतीवर न जाता मूळ फाइलच्या पेजवर जायचं. म्हणजे फक्त वाचायची परवानगी असलेली सिस्टिमची फाइल साधं ॲप बदलू शकायचं. ही चूक कर्नलमध्ये २००७ पासून होती.

२०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने झेडएनआययू नावाचं अँड्रॉइड मालवेअर शोधलं. ते हीच त्रुटी वापरत होतं, आणि त्याचे बहुतेक बळी चीन आणि भारतातले होते. दुरुस्ती येऊन वर्ष होत आलं होतं. पण अपडेट न मिळालेल्या फोनपर्यंत ती पोचलीच नव्हती. फॉल्ट हाताळणाऱ्या कोडमधली एक फट म्हणजे आपल्या खिशातली फट, ती अशी.

१६ केबीने काय बदलतं?

आता बातमीकडे परत. पेज चौपट मोठं केलं की काय होतं? १०० एमबीची फाइल ४ केबीच्या तुकड्यांत २५,६०० पेजेस होते, १६ केबीच्या तुकड्यांत ६,४००. म्हणजे वहीतल्या नोंदी एक चतुर्थांश आणि फेऱ्याही कमी. शिवाय प्रोसेसर अलीकडच्या नोंदी स्वतःजवळ एका छोट्या यादीत ठेवतो, तिला टीएलबी म्हणतात. यादी तेवढीच, पण प्रत्येक नोंद चौपट मेमरी झाकते.

गूगलने दिलेले आकडे नीट वाचायला हवेत. मेमरीवर ताण असताना ॲप उघडण्याचा वेळ सरासरी ३.१६ टक्क्यांनी कमी झाला, काही ॲप्समध्ये तो ३० टक्क्यांपर्यंत गेला. ॲप उघडताना लागणारी वीज सरासरी ४.५६ टक्के कमी. फोन सुरू व्हायला ८ टक्के, म्हणजे साधारण ९५० मिलिसेकंद कमी. '३० टक्के फास्ट' हे वाक्य आलंय यातल्या 'काही ॲप्समध्ये, पर्यंत' या तीन शब्दांना गाळून. सरासरी तीन टक्के बोटाला जाणवणारसुद्धा नाही. पण कोट्यवधी फोनवर रोज शेकडो वेळा ॲप उघडतात, त्या हिशोबात ती बचत खरी आहे.

आणि नाही, तुमचा आत्ताचा फोन यामुळे बदलणार नाही. पेजचा आकार फोन बनवणारी कंपनी कर्नल तयार करताना ठरवते. नुसत्या अपडेटने तो बदलणं सोपं नाही, आणि इथेही फाइल सिस्टिमच आडवी येते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये तुमचा डेटा एफटूएफएस या फाइल सिस्टिमवर असतो. तिच्या ब्लॉकचा आकार कर्नलच्या पेजएवढाच असावा लागतो. ४ केबीचा ब्लॉक करून ठेवलेला डेटा १६ केबीच्या कर्नलला तसाच वाचता येत नाही. म्हणूनच काही पिक्सेल फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्समध्ये १६ केबीचं बटण दिलंय, पण ते दाबलं की सगळा डेटा पुसला जातो आणि फाइल सिस्टिम बदलून ईएक्सटी-फोर केली जाते. रोजच्या वापराच्या फोनवर हा प्रयोग करू नका.

किंमत कोण मोजतो?

इथे माझं खरं म्हणणं आहे. या बदलाचा फायदा एकाला होतो आणि किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.

पहिली किंमत मेमरीची. गूगलनेच ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं होतं की ५ ते १० टक्के वेग मिळेल आणि साधारण ९ टक्के जास्त मेमरी लागेल. कारण उघड आहे. वाण्याने सगळ्या पुड्या एक किलोच्याच बांधायच्या ठरवल्या, तर पाव किलोवाल्यालाही किलोची पुडी घ्यावी लागणार. १ केबीची फाइल कॅशमध्ये ठेवायला आता १६ केबी अडतात. अँड्रॉइडमधली सगळी ॲप्स झायगोट नावाच्या एका मूळ प्रोसेसमधून फुटून निघतात आणि सुरुवातीला तिचीच पेजेस वापरतात. कुणी एक बाइट जरी बदलला तरी आधी ४ केबीची प्रत व्हायची, आता १६ केबीची होते.

१२ जीबीच्या फोनवर हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. ४ जीबीच्या फोनवर मात्र सिस्टिम आणि ॲप्स मिळून ३ जीबी वापरत असतील, तर ९ टक्के म्हणजे पावणेतीनशे एमबी. तेवढ्या जागेत पाठीमागे जिवंत राहू शकणारी एक-दोन ॲप्स मारली जातात. ती पुन्हा उघडायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून मेजर फॉल्ट. म्हणजे फॉल्ट कमी करायला केलेला बदल स्वस्त फोनवर फॉल्ट वाढवूही शकतो. नवीन फोन घेणाऱ्यांनी कंपनीला हा प्रश्न विचारायला हवा: ४ जीबीच्या मॉडेलवर १६ केबी देताय का, आणि देत असाल तर मोजून बघितलंय का?

दुसरी किंमत छोट्या टीम्सची. फक्त कोटलिन किंवा जावामध्ये लिहिलेल्या ॲपला काही करावं लागत नाही. पण ज्यात सी किंवा सी-प्लस-प्लसच्या तयार लायब्ररी आहेत, तिथे अडचण. अशा लायब्ररीत कोडचा भाग आणि डेटाचा भाग शेजारी-शेजारी असतो. कोड वाचायचा आणि चालवायचा, डेटा बदलायचा, आणि परवानगी पेजनुसार दिली जाते. ४ केबीच्या हिशोबाने आखलेली लायब्ररी १६ केबीवर आणली की दोन्ही भाग एकाच पेजवर येऊ शकतात. एका पेजला दोन परस्परविरोधी परवानग्या कशा देणार? म्हणून ती लोडच होत नाही.

सोर्स कोड हातात असेल तर नवीन एनडीके घेऊन पुन्हा बिल्ड करायचं. एनडीके आर-२८ पासून १६ केबीची आखणी आपोआप होते. सोर्स नसेल तर? आमच्या एका ॲपमध्ये कोड स्कॅन करणारी जुनी लायब्ररी होती, आणि ती देणाऱ्यांनी ईमेलला उत्तर देणंच बंद केलं होतं. शेवटी आम्ही ती काढून दुसरी बसवली, तीन आठवडे गेले. आम्हाला तीन आठवडे परवडले. एकट्याने ॲप चालवणाऱ्याला परवडतीलच असं नाही. त्याचं ॲप प्ले स्टोअरवर दिसत राहील, पण अपडेट थांबेल. आणि अपडेट थांबलेलं ॲप म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबलेलं ॲप.

अँड्रॉइड १६ मध्ये अशा जुन्या ॲप्ससाठी सोय आहे. १६ केबीच्या फोनवर ती तडजोडीच्या पद्धतीने चालतात आणि उघडताना एक इशारा दिसतो. पण ही तात्पुरती फळी आहे, पूल नाही.

दुसरा रस्ताही होता का?

होता, आणि तो चालूही आहे. पेज ४ केबीचंच ठेवायचं, पण जिथे शक्य तिथे अनेक पेजेस एका गठ्ठ्यात हाताळायची. लिनक्समध्ये या गठ्ठ्याला फोलिओ म्हणतात. मॅथ्यू विलकॉक्स यांचं हे काम ५.१६ मध्ये आलं. एक्सएफएसने मोठे फोलिओ २०२२ मध्ये स्वीकारले, ईएक्सटी-फोरने २०२५ मध्ये. मोठ्या फाइलला मोठा गठ्ठा, छोटीला छोटी पुडी.

तिसरी सुधारणा कुलुपांची. ॲप उघडताना त्याचे अनेक थ्रेड एकाच वेळी फॉल्ट घेतात आणि पूर्वी सगळे एकाच मोठ्या कुलपापाशी रांग लावायचे. गूगलचे सुरेन बगदासारयान यांनी मेमरीच्या प्रत्येक भागाला वेगळं कुलूप दिलं. ते २०२३ च्या लिनक्स ६.४ मध्ये आलं. यात कुठल्याही ॲपला काही बदलावं लागलं नाही आणि मेमरीची उधळपट्टीही झाली नाही.

मग १६ केबी चूक आहे का? माझ्या मते नाही. ॲपलच्या एम-१ मॅकमध्येही १६ केबी पेज वापरात आहे, आणि हार्डवेअरला मिळणारा फायदा नुसत्या फोलिओने पूर्ण भरून निघत नाही. पण 'सगळ्यांसाठी फास्ट' हे सांगणं बरोबर नाही. भरपूर रॅमच्या फोनसाठी तो फायद्याचा सौदा आहे. कमी रॅमच्या फोनसाठी ४ केबी आणि मोठे फोलिओ हीच जोडी बरी, आणि अँड्रॉइडने दोन्ही आकार पुढची अनेक वर्षं मनापासून सांभाळायला हवेत.

तुम्ही काय करायचं?

• जुना फोन असेल तर या नियमासाठी काहीच करू नका. तो ४ केबीवरच चालत राहील.

• नवीन फोनवर एखादं ॲप उघडताना पेज साइझचा इशारा आला तर त्याचं अपडेट आहे का बघा. वर्षभर अपडेट नसेल आणि ते पैशांशी संबंधित असेल, तर पर्याय शोधा.

• सिस्टिमची सुरक्षा अपडेट्स टाळू नका. डर्टी काऊचा धडा तोच आहे.

• स्टोरेज काठोकाठ भरू देऊ नका.

• तुम्ही स्वतः ॲप बनवत असाल तर अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये लायब्ररींची आखणी तपासा, कोडमध्ये ४०९६ हा आकडा कुठे थेट लिहिलेला असेल तर काढा, आणि १६ केबीच्या एम्युलेटरवर एकदा चालवून बघा.

पुढच्या वेळी फोनच्या जाहिरातीत वेगाचा आकडा दिसला की सोबत रॅमचा आकडाही बघा. पेज मोठं असणं चांगलं की वाईट, हे त्या दुसऱ्या आकड्यावर ठरतं.